आधी यम की आधी आसन?

१९३६ साली धारवाडात एक लहानशी घटना घडली. म्हैसूरच्या राजवाड्यातील योगशाळेचे आचार्य तिरुमलै कृष्णमाचार्य हे आपल्या शिष्यांसह उत्तर कर्नाटकाच्या दौऱ्यावर आले होते. तेव्हा हा सारा प्रदेश मुंबई इलाख्यात मोडत होता आणि म्हैसूर हे वेगळे संस्थान होते. धारवाडात आसनांची प्रात्यक्षिके झाली. ती पाहून काही स्त्रियांनी ‘आम्हांलाही हे शिकवावे’ अशी इच्छा प्रकट केली. परपुरुषाने स्त्रियांना अंग वाकविण्याचे शिक्षण द्यावे, ही त्या काळी अवघडच गोष्ट. आचार्यांनी तोड काढली. शिष्यांमध्ये वयाने सर्वांत लहान असलेल्या, सतरा वर्षांच्या एका हडकुळ्या मुलाकडे त्यांनी हे काम सोपविले. तो मुलगा म्हणजे पुढे जगद्विख्यात झालेले बी. के. एस. अय्यंगार. शिक्षक म्हणून त्यांच्या आयुष्याचा आरंभ आपल्या या गावात झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

याच दौऱ्यात बेळगावचे सिव्हिल सर्जन डॉ. व्ही. बी. गोखले यांनी त्यांचे काम पाहिले आणि त्यांच्याच खटपटीने १९३७ साली हा तरुण सहा महिन्यांच्या बोलीवर पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर शिकविण्यास गेला. सहा महिन्यांचे सत्त्याहत्तर वर्षे झाले. २० ऑगस्ट २०१४ रोजी त्यांनी देह ठेवला तो पुण्यातच. आपले पूर्वज पेशवाईत किंवा तदनंतर चाकरीच्या, सराफीच्या, वकिलीच्या निमित्ताने कृष्णा ओलांडून दक्षिणेस आले आणि येथलेच झाले. हा मुलगा नेमक्या उलट दिशेने गेला आणि तिकडचा झाला. आपल्यासारख्या घरांना या योगायोगाचे कौतुक वाटावे, हे स्वाभाविक आहे.

मात्र ही हकिकत सांगण्यामागे माझा हेतू निराळा आहे. धारवाडच्या त्या स्त्रियांनी आसने मागितली आणि त्यांना आसने मिळाली. तुम्ही खरे बोलता काय, दुसऱ्याच्या वस्तूचा लोभ धरता काय, असे त्यांना कोणी विचारले नसणार. आणि विचारले असते तर ते शोभलेही नसते. तथापि पतंजलींच्या अष्टांगांत आसनाचा क्रमांक तिसरा आहे. त्याआधी अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य व अपरिग्रह हे पाच यम आणि शौच, संतोष, तप, स्वाध्याय व ईश्वरप्रणिधान हे पाच नियम येतात. हा क्रम पाळावयाचा की नाही? पहिल्या दोन पायऱ्या वगळून तिसरीवर उभा राहिलेला मनुष्य योगाभ्यासी म्हणवून घेण्यास पात्र आहे काय? हा प्रश्न शास्त्रार्थाचा वाटतो. मलाही तो पुष्कळ वर्षे तसाच वाटत होता.

प्रथम ‘योग’ या शब्दाकडे वळू. व्याकरणकारांनी ‘युज्’ हा धातू दोन ठिकाणी सांगितला आहे. एके ठिकाणी जोडणे या अर्थी, दुसरीकडे समाधी या अर्थी. आज व्यासपीठावरून ‘योग म्हणजे जोडणे, जीवाशिवाचे ऐक्य’ असे सर्रास सांगितले जाते. परंतु सूत्रांचे भाष्यकार व्यास यांनी दुसरा अर्थ घेतला आहे. धारचा भोजराजा तर आणखी पुढे जातो. पुरुष आणि प्रकृती यांचा वियोग, त्यालाच येथे योग म्हटले आहे, असे तो आपल्या वृत्तीच्या आरंभीच सांगून टाकतो. गीतेच्या सहाव्या अध्यायातही दुःखाशी जडलेला संयोग सुटणे याला योग हे नाव दिले आहे. म्हणजे शब्द जोडण्याचा आणि आशय सोडण्याचा. गीतेतच दुसऱ्या अध्यायात समत्वाला योग म्हटले आहे आणि लगेच कर्मातील कौशल्यालाही. या दुसऱ्या व्याख्येवर लोकमान्यांनी आपली सारी इमारत उभी केली. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त योग म्हणजे कर्म करण्याची युक्ती, हा अर्थ त्यांनी किती नेटाने मांडला आहे, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. आमच्या पिढीतील अनेक घरांत तो ग्रंथ कपाटात असे. वाचला किती जणांनी, हा प्रश्न वेगळा.

एकूण पाहता, योग या शब्दाने चित्ताची एक अवस्था सांगितली जाते, तिच्याकडे जाणारी वाट सांगितली जाते, आणि आजकाल सकाळी सहा ते सात या वेळातील व्यायामही सांगितला जातो. या तिसऱ्या अर्थाची टिंगल करण्याची आपल्याकडे रीत आहे. ‘योगाचा योगा झाला’ हा विनोद मीही केला आहे. पण ज्याने गुडघेदुखीतून सुटण्यासाठी भिंतीशी उभे राहून त्रिकोणासन शिकले, त्याने काही पाप केलेले नाही.

अभ्यासाच्या पद्धतीही अनेक झाल्या आणि त्यांतील बऱ्याच जणींचा उगम आपल्या कृष्णेच्या अलीकडे-पलीकडेच आहे. कृष्णमाचार्यांच्या एका शिष्याने, पट्टाभि जोईस यांनी, म्हैसुरात राहून श्वासाच्या तालावर एकामागून एक आसने जोडणारी द्रुत पद्धत रूढ केली. दुसरे शिष्य अय्यंगार यांनी बरोबर उलट मार्ग धरला. आसनात दीर्घकाळ थांबावयाचे, पायाच्या अंगठ्यापासून मानेपर्यंत प्रत्येक अवयव कोठे आहे ते पाहावयाचे, आणि शरीर साथ देत नसेल तर दोर, पट्टा, लाकडी ठोकळा, खुर्ची यांचा आधार घ्यावयाचा. त्यांच्या १९६६ सालच्या इंग्रजी ग्रंथात दोनशे आसने आणि सुमारे सहाशे छायाचित्रे आहेत. पतंजलींच्या १९५ सूत्रांत आसनावर अवघी तीन सूत्रे आहेत आणि आसन एकही नावाने सांगितलेले नाही. बैठक स्थिर आणि सुखाची असावी, एवढेच मागणे. तीनाचे दोनशे कसे झाले, हा इतिहास मोठा मनोरंजक आहे. मध्ये हठयोगाचे ग्रंथ आहेत, आखाडे आहेत, औंधच्या पंतप्रतिनिधींनी घरोघर पोहोचविलेले सूर्यनमस्कार आहेत.

लोणावळ्यास स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले. त्यांची रीत संथ, पण दृष्टी प्रयोगशाळेची. नौली करताना पोटात बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब निर्माण होतो, हे त्यांनी उपकरण लावून मोजले आणि त्या निर्वाताला आपल्या गुरूंचे, माधवदासजींचे नाव दिले. गुरूचे नाव एका दाबाला द्यावे, यातील साधेपणा मला फार आवडतो. जाता जाता सांगतो, दूरचित्रवाणीमुळे घरोघर प्राणायाम म्हणून पोहोचलेली कपालभाती हठयोगाच्या जुन्या ग्रंथांत शुद्धिक्रियांत मोडते, प्राणायामात नव्हे. आमच्या भागातील इंचगेरी संप्रदायात, ज्यात गुरुदेव रा. द. रानडे झाले, नामस्मरण हीच मुख्य साधना. आणि हुबळीच्या सिद्धारूढ मठात पायरीवर बसून तासभर पंचाक्षरीचा जप ऐकणाऱ्यालाही आपण काही साधना करीत आहोत असे वाटत असल्यास त्याला अडविणारे आपण कोण?

असो. मूळ प्रश्न क्रमाचा. येथे परंपरेतच दोन वाटा आहेत, हे सहसा कोणी सांगत नाही. पतंजली यमापासून आरंभ करतात. गोरक्षनाथांच्या नावावरील ग्रंथात योगाची सहाच अंगे आहेत आणि त्यांचा आरंभ आसनापासून होतो. घेरंडसंहितेत सात अंगे आहेत. त्यांतही यम आणि नियम नाहीत, पहिले पाऊल शरीरशुद्धीचे. म्हणजे आजचा सकाळचा वर्ग हा केवळ आधुनिक अधःपात आहे असे म्हणता येत नाही. यमाला न थांबता शरीरापासून सुरुवात करणारी एक प्रतिष्ठित परंपरा आहे, आणि ती नाथांची आहे.

तीच परंपरा गहिनीनाथ, निवृत्तिनाथ यांच्याद्वारा ज्ञानदेवांकडे आली. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीच्या उत्थानाचे जे वर्णन आहे, ते त्या वारशाचे. परंतु तेच ज्ञानदेव तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना ‘अहिंसा’ या एका शब्दापाशी थांबतात आणि त्यावर शंभराहून अधिक ओव्या खर्च करतात. अहिंसक माणसाचे चालणे कसे, पाहणे कसे, बोलणे कसे, त्याचे हात कसे, हे सारे ते सांगतात. मूळ श्लोकात तो एक शब्द आहे. नाथांकडून षडंगयोग घेतलेल्या पुरुषाला पहिल्या यमासाठी एवढा अवकाश का लागला असावा? माझ्यापुरते उत्तर असे की, गाळलेली गोष्ट त्यांना डाचत होती. हे उत्तर पंडितांना मान्य होईलच असे नाही. आपल्या कानडी शेजाऱ्यांकडे तर बसवण्णांचे एक वचन आमची मुले शाळेत पाठ करून आली आहेत. चोरी, हत्या, असत्य, क्रोध, इतरांविषयी तिटकारा, आत्मस्तुती आणि परनिंदा या सात गोष्टींचा निषेध करून तेथे सांगितले आहे की, अंतरंगाची आणि बहिरंगाची शुद्धी ती हीच. आसनाचा तेथे उल्लेखही नाही.

अय्यंगारांवर ‘हे केवळ शरीराचे शिक्षक’ असा आक्षेप आयुष्यभर घेतला गेला. त्यांचे उत्तर विचार करण्याजोगे आहे. आठ अंगे म्हणजे एकामागून एक चढावयाच्या आठ पायऱ्या नव्हेत. एका आसनातही आठही अंगांचा अभ्यास होऊ शकतो, असे त्यांचे म्हणणे. गुडघ्यावर बळजबरी केली की हिंसा झाली, उजव्या बाजूने चोरून डाव्या बाजूस काम करावयास लावले की अस्तेय मोडले. शरीर खोटे बोलत नाही, म्हणून खरेपणाची शाळा शरीरात भरवावी. मला ही भूमिका प्रामाणिक वाटते. वीस वर्षे मी तिचा भक्त होतो. माझे त्रिकोणासन, शिक्षकांच्या मते, निर्दोष होते.

आता मला स्वतःविषयी लिहिणे भाग आहे. मी राज्य सरकारच्या सेवेत होतो. एका जिल्हा कचेरीत असताना भूसंपादनाच्या मोबदल्याचे एक रजिस्टर गहाळ झाले. ते वरिष्ठांच्या सांगण्यावरून त्यांच्या बंगल्यावर नेले गेले होते आणि नेताना मी पाहिले होते. ठपका बसला तो ज्याच्या ताब्यात ते असावयाचे त्या कारकुनावर. खातेनिहाय चौकशी झाली. मला बोलावले गेले. ‘तुम्ही ते रजिस्टर शेवटचे कोठे पाहिले?’ असा साधा प्रश्न होता. मी म्हणालो, ‘सरियागि नेनपिल्ल’, नीटसे आठवत नाही. कारकुनाच्या दोन वेतनवाढी कायमच्या रोखल्या गेल्या. मला पुढील वर्षी बढती मिळाली. ती त्या उत्तरामुळे मिळाली असे मी म्हणत नाही. सेवाज्येष्ठतेने ती येणारच होती. पण खरे बोललो असतो तर ती आली असती काय, हे मला त्या वेळीही माहीत होते.

सांगण्याची गोष्ट ही की, त्या रात्री मला उत्तम झोप लागली. साक्ष देऊन घरी आलो तेव्हा छातीत धडधड होत होती. मी हातपाय धुतले, सतरंजी अंथरली, अर्धा तास उज्जायी केला, शवासनात पडलो. श्वास लांबला, कपाळावरचा ताण गेला, धडधड थांबली. जेवलो आणि झोपलो. शिकलो होतो ते सारे बरोबर केले आणि त्याने बरोबर काम केले. अनेक वर्षे मी ही हकिकत योगाच्या उपयुक्ततेचे उदाहरण म्हणून मनातल्या मनात जपली होती, हे सांगताना आज शरम वाटते.

चित्तवृत्तींचा निरोध म्हणजे योग, हे आपण ऐकत आलो. पश्चात्ताप ही चित्ताची वृत्तीच नव्हे काय? मग तिचाही निरोध करावयाचा? असा अर्थ लावला तर योग हे अफूसारखे औषध ठरेल आणि ते चोराला अधिक उपयोगी पडेल, कारण साधूला त्याची गरज कमी. गीतेने याचे उत्तर एका विलक्षण नावात ठेवले आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. पहिल्या अध्यायाचे नाव अर्जुनविषादयोग. त्या अध्यायात अर्जुनाचे अंग कापते, तोंड कोरडे पडते, धनुष्य हातातून गळते. कोणताही वैद्य ज्याला विकार म्हणेल त्या स्थितीला तेथे योग म्हटले आहे. कृष्णाने त्याला ‘दीर्घ श्वास घे’ असे सांगितले नाही. सांगितले असते तर धडधड थांबली असती आणि गीताही तेथेच संपली असती. मी मात्र माझा पहिला अध्याय अर्ध्या तासात उरकून टाकला.

पतंजलींनी या पळवाटा ओळखल्या होत्या. यमांना त्यांनी महाव्रत म्हटले ते जाती, देश, काळ आणि समय यांची सवलत नसेल तरच. मासेमार म्हणतो, मी हिंसा करतो ती फक्त माशांची. अशा सवलतींची उदाहरणे भाष्यात आहेत. ‘एरवी मी खरे बोलतो, कचेरीतील गोष्ट वेगळी’ हे त्या मासेमाराचेच वाक्य. पुढे त्यांनी हिंसादी दोषांचे तीन प्रकार केले आहेत: स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि अनुमोदिलेले. त्यांना लोभ, क्रोध, मोह ही तीन कारणे आणि सौम्य, मध्यम, तीव्र अशा तीन मात्रा. भाष्यकारांनी गुणाकार करून एकट्या हिंसेचे सत्तावीस प्रकार केले आणि तेथेही न थांबता एक्याऐंशीपर्यंत गेले. तरुणपणी मला हा आकडेमोडीचा सोस वाटे. पुढे ‘अनुमोदित’ या शब्दापाशी मी अडखळलो. अनुमोदन हा आमच्या रोजच्या टिपणीतील शब्द. फायलीवर सही करून आम्ही अनुमोदन देत असू. मौन राहूनही ते देता येते, हे कोणत्याही नियमपुस्तिकेत नव्हते. सूत्रात होते. माझा अपराध सत्तावीसांपैकी कोणता, हे मी काढून पाहिले: अनुमोदित, लोभजन्य, मध्यम. ‘सौम्य’ लिहिण्याचा मोह झाला होता.

मला आसने शिकविणारे गृहस्थ माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले होते. माळमड्डीत आपल्या गच्चीवर ते विनामूल्य वर्ग घेत. त्यांच्या अखेरच्या आजारात मी भेटावयास गेलो तेव्हा विचारले, ‘सर, आपण आम्हांला यम का शिकविले नाहीत?’ माझ्या स्वरात तक्रार होती. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘तुमचा खांदा वर गेला तर मला तो दिसत होता, हात लावून खाली करता येत होता. तुम्ही कचेरीत काय करता ते मला कसे दिसणार? आणि जे माझे मलाच नीट जमले नाही ते कोणत्या तोंडाने शिकवू?’ या उत्तराने माझी तक्रार संपली. आजही २१ जूनला मैदानावर रांगेने चटया पसरलेल्या पाहतो, तेव्हा ध्वनिक्षेपकावरून यमांचा उच्चार होत नाही याचा मला पूर्वीसारखा राग येत नाही. ध्वनिक्षेपकावरून सांगण्याची ती गोष्टच नव्हे.

मग क्रमाचे काय? मला आता असे वाटते की, आसनाने आरंभ करण्यास हरकत नाही, कारण बहुतेकांना तेवढेच दार उघडे सापडते. धारवाडच्या त्या स्त्रियांना तेच सापडले होते. परंतु आसनाने यम आपोआप येतो, हे मला मान्य नाही. आसनाने बळ येते आणि शांती येते. त्या दोहोंचा उपयोग सत्य बोलण्यासाठी करावयाचा की सत्य न बोलल्यावर झोपण्यासाठी, हे आसन सांगत नाही. माझ्या छातीतील धडधड त्या दिवशी एकटीच यमाच्या बाजूने बोलत होती, आणि तिला गप्प करण्याची कला मी गुरूकडून शिकून आलो होतो.

निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी मी त्या कारकुनाचा पत्ता मिळविला. ते आता एका तालुक्याच्या गावी मुलाकडे राहतात. घरी गेलो. त्यांनी ओळखले, बसावयास सांगितले, सुनेला चहा टाकण्यास सांगितले. मी जे सांगावयास गेलो होतो ते चहा येण्यापूर्वीच सांगितले, नंतर धीर झाला नसता म्हणून. त्यांनी ऐकून घेतले. रागावले नाहीत, डोळ्यांत पाणीही आले नाही. मी क्षमेविषयी काही बोलू लागलो तेव्हा त्यांनी हात किंचित वर करून मला थांबविले आणि त्या दोन वेतनवाढींमुळे निवृत्तिवेतनात दरमहा किती फरक पडतो, तो आकडा सांगितला. त्यांना तो तोंडपाठ होता. मग म्हणाले, ‘बरदु कोडरि, सर.’ लिहून द्या.

मी घरी येऊन दोन पानी निवेदन लिहिले. रजिस्टर कोणी नेले, मी कोठून पाहिले, चौकशीत काय उत्तर दिले आणि ते का खोटे होते, हे सर्व नावांसह त्यात आहे. खाली सही केली, तारीख घातली, एक प्रत स्वतःपाशी ठेवून मूळ प्रत टपालाने त्यांना पाठविली. त्याचे काय करावयाचे ते आता त्यांच्या हाती आहे.